आंग्रियाच्या कडेचा कुपा आणि बर्फाचा हिशेब

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

अरबी समुद्रातल्या आंग्रिया बँक या पाण्याखालच्या पठारावर ‘ब्लूफिन ट्यूना’ (ट्यूना म्हणजे आपला कुपा) पकडून कोकणातल्या मच्छीमारांचे नशीब कसे पालटेल, याविषयीचे वृत्त आपल्या अंकात वाचले. खोल समुद्राकडे कुणाचे तरी लक्ष गेले याचा आनंद झाला. पण त्या वृत्तात माशाचे नावच चुकले आहे आणि ही चूक किरकोळ नाही. नाव चुकले की भावाची अपेक्षा चुकते, आणि अपेक्षा चुकली की बोटीवरचा पैसा भलत्याच ठिकाणी खर्च होतो. म्हणून हे पत्र थोडे लांबले तरी पूर्ण छापावे, ही विनंती.

अरबी समुद्रात ब्लूफिन मिळत नाही. ब्लूफिनच्या जाती तीन. अटलांटिक ब्लूफिन भूमध्य समुद्रात आणि मेक्सिकोच्या आखातात अंडी घालतो. पॅसिफिक ब्लूफिन जपानच्या आसपास सापडतो. तिसरा दक्षिणी ब्लूफिन जावाच्या दक्षिणेला उबदार पाण्यात अंडी घालून पुढे थंड दक्षिण समुद्रात निघून जातो. आंग्रियाच्या कडेला जो मोठा कुपा गळाला लागतो तो यलोफिन, म्हणजे पिवळ्या पराचा. त्याच्यासोबत स्किपजॅक हा लहान जातीचा कुपा असतो, किनाऱ्याकडे त्याच कुळातला गेदर असतो. ओळखायला सोपे आहे. यलोफिनचा छातीचा पर मागे दाबून धरला तर पाठीवरच्या दुसऱ्या पराच्या सुरुवातीपर्यंत पोचतो; ब्लूफिनचा पर आखूड असतो, तिथवर जातच नाही. मोठ्या यलोफिनचे पाठीवरचे दुसरे पर आणि त्याच्या बरोबर खालचे पर विळ्यासारखे लांब आणि पिवळेधमक होतात. वृत्तासोबतच्या छायाचित्रात हे विळे स्पष्ट दिसत होते.

त्याच वृत्तात टोकियोच्या लिलावाचा दाखला होता. जानेवारी २०१९ मध्ये तोयोसू बाजारात २७८ किलोचा एक ब्लूफिन ३३ कोटी ३६ लाख येनला गेला, हे खरे आहे. पण तो नववर्षाच्या पहिल्या लिलावाचा, मानाचा आणि जाहिरातीचा भाव होता. तसाच मासा त्याच बाजारात एरवीच्या दिवशी त्याच्या पासंगालाही पुरणार नाही एवढ्या भावात विकला जातो. आणि यलोफिन हा तर वेगळाच मासा. तो आकडा मनात ठेवून कुणी कर्ज काढून मोठे इंजिन बसवू नये.

मग ब्लूफिनवाल्यांकडून घेण्यासारखे काहीच नाही का? आहे, आणि तेच वृत्तात राहून गेले. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यालगत स्टेलवागन बँक नावाचा समुद्राखालचा उंचवटा आहे. योगायोगाने आंग्रियाप्रमाणेच त्याच्या माथ्यावरही साधारण २० मीटरच पाणी आहे, मात्र तळ वाळूचा. वाळूत राहणाऱ्या बारीक मासळीमागे उन्हाळ्यात ब्लूफिन तिथे येतो. तिथले व्यावसायिक मच्छीमार तो रॉडने, हातदोरीने किंवा भाल्याने एकेक करून मारतात. विक्रीसाठी १८५ सेंटिमीटरपेक्षा लहान मासा आणता येत नाही. दिवसाला किती मासे, तेही सरकार ठरवते. कधी एकच, कधी तीन. दिवसाला एकच मासा आणायचा म्हटल्यावर त्या एका माशाची बडदास्त कशी ठेवली जात असेल, याची कल्पना यावी. बोटीला लागताच रक्त काढायचे, पोट साफ करायचे, बर्फात घालायचा. शिकायचे ते हे.

आता आंग्रियाविषयी. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर, म्हणजे जवळपास ५७ सागरी मैलांवर हे पठार पाण्याखाली आहे. दक्षिणोत्तर साधारण ४० किलोमीटर, रुंदी १५ किलोमीटरच्या आसपास. माथा २० मीटरवर असल्याने सूर्यप्रकाश तळापर्यंत जातो आणि तिथे जिवंत प्रवाळ आहे. कान्होजी आंग्रे यांचे नाव त्याला आहे. आठ नॉटच्या वेगाने जायला सात तास, यायला सात तास. मोबाइल तिथे चालत नाही. ऑक्टोबर २०१९ च्या शेवटी ‘क्यार’ वादळ रत्नागिरीसमोर आले तेव्हा कितीतरी नौका देवगडच्या आसऱ्याला आल्या. आंग्रियावरून निघायचे तर तो निर्णय वादळ जवळ येण्याच्या बराच आधी व्हायला हवा. त्यामुळे व्हीएचएफ बिनतारी संच आणि इस्रोच्या तंत्रज्ञानावरचा ट्रान्सपॉन्डर, म्हणजे उपग्रहामार्फत संदेश देणारे यंत्र, चालू आहे का, हे जेटी सोडण्यापूर्वी तपासायचे. डिझेल परतीच्या हिशेबाने न्यायचे आणि वर एक दिवसाचे जास्त.

पठारावर गेलो म्हणजे कुपा मिळाला असे नाही. माथ्यावर तो क्वचित. पाण्याची ओढ पठाराला जिथे येऊन धडकते, ती कड खरी. तिथे खालचे थंड, खतावलेले पाणी वर ढकलले जाते, बारीक मासळी अडकून राहते आणि तिच्यामागे कुपा घिरट्या घालतो. आपल्या किनाऱ्यालगतचा मुख्य प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेकडे आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उत्तरेकडे वाहतो. म्हणून थंडीत शोध दक्षिण टोकापासून सुरू करावा, पावसाळा संपता संपता उत्तर टोकापासून. भरती-ओहोटीने यात दिवसाकाठी फरक पडतो, तेव्हा इंजिन बंद करून दहा मिनिटे बोट कुठे वाहते ते जीपीएसवर पाहिल्याशिवाय जागा ठरवू नये.

खोलीचा प्रश्न याच्याशीच जोडलेला आहे. पावसाळ्यानंतर, सप्टेंबर-ऑक्टोबरात, आपल्या किनाऱ्यालगत प्राणवायू फार कमी असलेले थंड पाणी वरपर्यंत आलेले असते. यलोफिनला असे पाणी सोसत नाही. तो वरच्या उबदार थरात दाटीने राहतो आणि त्या दिवसांत १०० मीटरवर सोडलेले गळ कोरेच वर येतात. डिसेंबरपासून वरचा थर जाड होत जातो, मग गळही खाली न्यावे लागतात. फिशफाइंडरवर जिथे बारीक मासळीचा पट्टा एका सपाट रेषेवर थांबलेला दिसतो, तिथे त्या थराची सीमा समजावी आणि गळ तिच्या थोडा वर ठेवावा. हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचे मासेमारी क्षेत्राचे अंदाज मराठीतही मिळतात. समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान आणि हरितद्रव्य यांवर ते आधारलेले असतात. दिशा ठरवायला त्यांचा उपयोग आहेच, पण कुपा किती खोल आहे ते उपग्रहाला दिसत नाही. ते यंत्रावर आणि पक्ष्यांवरूनच पाहायचे.

पकडण्याच्या पद्धतींपैकी आमचा कौल स्पष्टपणे हातदोरीला आहे. आधी सहा-सात नॉटच्या वेगाने बोटीमागे चार दोऱ्या वेगवेगळ्या अंतरावर, ३० ते ६० मीटर, पिसांच्या किंवा रबरी झालरीच्या नकली आमिषांसह ओढत कड शोधायची. दोन-तीन स्किपजॅक लागले की जागा जिवंत आहे. मग इंजिन बंद करून बोट ओढीबरोबर सोडायची आणि दोरी खाली घालायची. मुख्य दोरी दीड ते दोन मिलिमीटरची तंगूस (नायलॉनची एकपदरी दोरी), शेवटचे आठ-दहा मीटर थोडे बारीक, आणि त्याला वर्तुळाकार गळ. हा गळ झटका देऊन लावायचा नसतो. मासा वळला की तो आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. झटका दिला तर उलट तोंडातून निसटतो. जे-आकाराच्या गळाची सवय असलेल्या खलाशाकडून पहिले काही मासे हमखास याच कारणाने सुटतात.

पॅसिफिक बेटांवर वापरली जाणारी एक पद्धत इथे सांगण्यासारखी आहे. तळहाताएवढा चपटा दगड घ्यायचा. त्यावर आमिष लावलेला गळ ठेवायचा, बाजूला चिरलेल्या तारलीचा मूठभर चुरा, वरून पान किंवा जुन्या कापडाचा तुकडा, आणि शेवटच्या दोरीचे आठ-दहा वेढे देऊन सरकगाठ मारायची. ही पुडी ४० ते ८० मीटरवर उतरवली आणि एक हिसका दिला की गाठ सुटते, दगड खाली जातो आणि चुऱ्याच्या ढगात मधोमध गळ तरंगतो. गाठ फार घट्ट बसली तर पुडी उघडतच नाही. सैल असली तर वाटेतच सुटून चुरा बांगड्यांच्या पोटात जातो. दोन दिवसांत हाताला अंदाज येतो. दगड मात्र कडेबाहेरच्या खोल पाण्यातच सोडायचा, माथ्यावर नाही.

नांगराचेही तसेच. आंग्रियाच्या माथ्यावर नांगर टाकू नये. तिथले खडक बांधणारे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्याच रांगेत. कायदा बाजूला ठेवला तरी नांगराच्या एका ओढीत जे मोडते ते आपल्या हयातीत भरून येत नाही, आणि बारीक मासळीचा आसरा गेला तर तिच्यामागे येणारा कुपा तरी कशाला येईल? बोट स्थिर ठेवायची असेल तर नाळेवरून (बोटीच्या पुढच्या टोकावरून) कापडी समुद्र-नांगर, म्हणजे पाण्यात फुगणारी छत्री सोडावी. वाहण्याचा वेग त्याने निम्म्यावर येतो आणि दोरीही उभी राहते.

लाँगलाइनबद्दल, म्हणजे ओळीने गळ लावलेल्या लांब दोरीबद्दल, वृत्तात बरेच लिहिले होते. ती टाकावी, पण बेताने. तीन मिलिमीटरच्या मुख्य दोरीवर दर ४५ मीटरला एक याप्रमाणे २०० गळ लावले तर लांबी नऊ किलोमीटर होते. सोडायला सुमारे तासभर, ओढायला तीन-चार तास. सगळा घोळ इथेच होतो. पहाटे सोडलेली दोरी दुपारी उचलली तर पहाटेच लागलेला मासा तोवर मेलेला असतो, त्याचे रक्त अंगातच गोठलेले असते आणि बरेचदा मोरीने, म्हणजे शार्कने, त्याचा लचका तोडलेला असतो. जास्त गळ म्हणजे जास्त मासळी, हे कुप्याच्या बाबतीत एका मर्यादेपर्यंतच खरे. चार-पाच माणसांच्या बोटीला १५०-२०० गळ पुरे. आमिष म्हणून माकुळाऐवजी बांगडा लावला आणि गळ वर्तुळाकार ठेवले तर कासवे गळ गिळण्याचे प्रमाण कमी होते. तरीही कासव लागलेच तर दोरी ओढून त्याला वर घेऊ नये. जाळीने उचलावे, गळ काढावा, आणि तो खोल गेला असेल तर दोरी गळाजवळ कापून सोडावे. शेवटच्या टप्प्याला लोखंडी तार लावू नये. तंगूस असली की मोठी मोरी ती चावून निघून जाते, तिचाही जीव वाचतो आणि आपला वेळही.

आणि जाळ्याने कुपा आणण्याची कल्पना पूर्ण सोडून द्यावी. रात्रभर जाळ्यात गुदमरलेल्या कुप्यातून रक्त काढताच येत नाही, कारण हृदय कधीच थांबलेले असते. थव्याला वेढणाऱ्या पर्ससीन जाळ्यात स्किपजॅकच्या थव्याबरोबर यलोफिनची लहान पिल्ले सापडतात. यलोफिन साधारण एक मीटर लांबीचा, म्हणजे २० किलोच्या आसपास होतो तेव्हा पहिल्यांदा अंडी घालण्याजोगा होतो. दोन-तीन किलोचे पिल्लू उचलून काय मिळवले? एलईडी दिव्यांचा प्रकाश टाकून मासे गोळा करण्याला केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्येच आपल्या संपूर्ण आर्थिक क्षेत्रात बंदी घातली आहे. १२ सागरी मैलांपलीकडे राज्याचा कायदा नाही म्हणून काहीही चालते, असा समज काही बोटींवर अजून आहे; तो चुकीचा आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांप्रमाणे तिथे मासेमारी करणाऱ्या यांत्रिकी नौकांना ऑनलाइन पासही लागतो. त्याला शुल्क नाही, तेव्हा तो न काढण्याला कारणही नाही.

आता मुख्य मुद्दा. कुप्याला कोकणात स्वस्त मासा का समजतात? लाल, रक्ताळ, घशाला खाजणारा, लवकर उतरणारा म्हणून. यातला ‘लाल’ सोडला तर एकही दोष माशाचा नाही. सगळे हाताळणीचे आहेत. पापलेट किंवा सुरमई मेल्यावर तिचे अंग पाण्याइतकेच गरम असते. कुप्याचे तसे नाही. त्याच्या अंगात बारीक रक्तवाहिन्यांची अशी जाळी असते की स्नायूंची उष्णता कल्ल्यांतून बाहेर न जाता परत अंगातच फिरते. त्यामुळे पोहतानाच तो पाण्यापेक्षा गरम असतो, आणि दोरीवर झुंज दिली की आणखी तापतो. शिवाय झुंजीत स्नायूंत आम्ल साठते. आम्ल आणि उष्णता मिळून मांस आतून जणू शिजवतात. जपानी लोक त्याला ‘याके’ म्हणतात, म्हणजे भाजलेले. असा मासा बाहेरून चकचकीत दिसतो, पण कापला की मध्यभागी मांस फिकट, ओलसर, उकडल्यासारखे, चवीला आंबट. नंतर त्याला कितीही बर्फ घाला, फरक पडत नाही.

म्हणून घड्याळ गळ लागल्यापासूनच लावायचे. ३०-४० किलोचा मासा दहा-पंधरा मिनिटांत बोटीला आणावा. मजेसाठी खेळवत बसू नये. आकडी फक्त डोक्यात किंवा जबड्यात मारायची. अंगात मारलेली आकडी म्हणजे दोन-तीन किलो मांसाला भोक आणि आत रक्त. वर घेतलेला मासा ओल्या फोमच्या गादीवर ठेवायचा, फळीवर आपटू द्यायचा नाही, डोळ्यांवर ओले कापड टाकायचे. आपटलेल्या जागी आत रक्त साकळते आणि गिऱ्हाइकाला ते दिसते.

दोन्ही डोळ्यांच्या मधे, किंचित वर, डोक्यावर एक फिकट मऊ डाग असतो. तिथून टोकदार सळई तिरपी मागच्या बाजूला घुसवायची. बरोबर बसली तर तोंड उघडते, पर ताठ होतात आणि लगेच सगळे अंग सैल पडते. चुकली तर मासा आणखी जोरात उसळतो. मग थांबून पुन्हा नेम धरायचा, चार दिशांना भोसकत बसायचे नाही. त्याच भोकातून दीड-दोन मिलिमीटरची ताठ तंगूस किंवा तार कण्याच्या नळीत सरकवत न्यायची. शेपूट थरथरते आणि मग थांबते. याने स्नायूंची तडफड थांबते, म्हणजेच उष्णता आणि आम्ल तयार होणे थांबते. सळईनंतरही हृदय काही मिनिटे चालू राहते आणि रक्त काढायला तेवढीच संधी असते.

छातीचा पर अंगाला जिथे चिकटून बसतो तिथे एक खोलगट खाच दिसते. पराच्या मुळापासून तीन बोटे मागे, त्या खाचेतच, सुमारे पाच सेंटिमीटर लांब आणि दोन-तीन सेंटिमीटर खोल आडवा छेद द्यायचा. रक्तवाहिनी तिथेच असते. बरोबर लागली की रक्त धारेने येते. ठिबकले तर छेद मागे-पुढे झाला आहे. दोन्ही बाजूंना छेद द्यायचा, मग कल्ल्याचे झाकण उचलून आतला पडदाही कापायचा आणि तोंडातून समुद्राच्या पाण्याचा पाइप सोडायचा. पाच ते आठ मिनिटांत पाणी स्वच्छ यायला लागते.

मग कल्ले आणि आतडी. पोट छातीपर्यंत फाडायची गरज नाही. गुदद्वाराजवळ दहा-बारा सेंटिमीटरचा छेद देऊन आतडे सुटे करायचे, वर कल्ल्यांची मुळे कापायची आणि कल्ले व आतडी एकत्रच कल्ल्याच्या तोंडातून ओढून काढायची. आत कण्याला चिकटून गडद रक्ताची पट्टी राहते, ती मूत्रपिंडाची. ती ब्रशने घासून काढल्याशिवाय मासा साफ झाला असे म्हणू नये. खराब व्हायला सुरुवात तिथूनच होते. गळ लागल्यापासून इथवर अर्धा तास, त्याहून जास्त नाही.

आणि मग बर्फ. वृत्तात इंजिनाच्या अश्वशक्तीचे आकडे होते, बर्फाचा एकही नव्हता, म्हणून हिशेब मांडतो. ४० किलोच्या माशाचे अंग ३२ अंशांवर धरा. एक किलो मांस एक अंशाने थंड करायला सुमारे ०.८ किलोकॅलरी काढून घ्यावी लागते. म्हणजे शून्यावर आणायला ४० गुणिले ०.८ गुणिले ३२, सुमारे १,०२४ किलोकॅलरी. एक किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी शोषतो. तेव्हा एका माशामागे निव्वळ १३ किलो बर्फ. ऐकायला थोडा वाटतो. पण मासा नुसत्या बर्फात घातला तर बर्फाच्या खड्यांमधली हवा उष्णता हळू वाहून नेते आणि गाभा गरमच राहतो. म्हणून आधी समुद्राचे पाणी आणि बर्फ यांचा रगडा लागतो. ७०० लिटरच्या पेटीत असे चार मासे, १५० लिटर पाणी. चार माशांना ५२ किलो, २८ अंशांचे पाणी शून्यावर आणायला आणखी सुमारे ५२ किलो. म्हणजे पेटीच्या भिंतींतून येणारी उष्णता धरण्याआधीच शंभर किलोहून जास्त बर्फ संपला. आणि वर तरंगणारा बर्फ सकाळपर्यंत शिल्लक दिसला पाहिजे, नाही तर रगडा थंड राहिलेला नाही. त्या पेटीला २५० किलो लागतात. रगडा मासा लागण्याच्या आधी तयार हवा. मासा फळीवर आणि खलाशी लादी फोडतोय, असे होऊ नये.

अशा जाड माशाचा गाभा थंड व्हायला अख्खी रात्र जाते. सकाळी तो खणात हलवायचा, पोटाच्या पोकळीत बर्फ भरून, पोट खाली करून, म्हणजे वितळलेले पाणी आत साचत नाही. मासा प्लास्टिकच्या पिशवीत घालावा. बर्फाचे गोडे पाणी थेट लागले की कातडीचा रंग जातो आणि डोळे पांढरे पडतात. चार-पाच दिवसांच्या फेरीला जेवढी मासळी अपेक्षित तिच्या दुप्पट वजनाचा बर्फ न्यावा.

घसा खाजण्याचे कारणही इथेच आहे. कुप्याच्या मांसात हिस्टिडिन भरपूर असते आणि मासा गरम राहिला की जिवाणू त्याचे हिस्टामिन करतात. खाल्ल्यावर तोंडाची आग, चेहरा लाल, डोके ठणकणे, अंगावर गांधी. हिस्टामिनला वास नसतो आणि ते कितीही शिजवले तरी जात नाही, डबाबंद केले तरी जात नाही. पाणी-हवा २८ अंशांच्या वर असेल, जशी आपल्याकडे बहुतेक वर्षभर असते, तर मासा मेल्यापासून फार तर सहा तासांत बर्फात गेलाच पाहिजे, असा अमेरिकी अन्न प्रशासनाचा दंडक आहे. युरोपात एका खेपेचे नऊ नमुने घेतात. सरासरी किलोमागे १०० मिलिग्रॅमच्या वर गेली किंवा एकही नमुना २०० च्या वर निघाला तर अख्खी खेप नाकारतात. निर्यातीची स्वप्ने दाखवताना हे आकडे मच्छीमारांपुढे ठेवायला हवेत, कारण एका बोटीवरच्या आळसाचा भुर्दंड कंटेनरमधल्या सगळ्यांना बसतो.

म्हणून कुठल्याही योजनेत पैसा द्यायचा असेल तर आधी देवगड, मालवण, विजयदुर्ग, मिरकरवाडा इथे पातळ पापुद्र्याचा बर्फ करणारी यंत्रे द्या. आज मिळते ती लादी. ती फोडून टोकदार खडे होतात, ते कातडीला टोचतात आणि माशाच्या अंगाला नीट बिलगत नाहीत. बोटींना उष्णतारोधक पेट्या द्या, गाद्या, सळया, थर्मामीटर द्या. या सगळ्या वस्तू मिळून एका नव्या इंजिनाच्या खर्चात कितीतरी बोटींना पुरतील. तांडेल आणि खलाशांना चार दिवसांचे शिक्षण जेटीवर नको, बोटीवर, खऱ्या माशावर द्या. छेद तीन बोटे मागे द्यायचा की पाच, हे फळ्यावर काढून कळत नाही.

राहिला लिलाव. आज उत्तम हाताळलेला कुपा आणि जाळ्यात मेलेला कुपा एकाच ढिगात, एकाच भावाने जातो. मग खलाशाने अर्धा तास खपून कण्याजवळचे रक्त का घासावे? लिलावाआधी ढिगातला एक मासा उचलून शेपटीजवळ एक पातळ चकती कापावी आणि पाठीच्या जाड भागात थर्मामीटर खुपसून आकडा सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावा. चकती माणकासारखी लाल, पारदर्शक, आणि आकडा चार अंशांच्या खाली असेल तर तो मासा वेगळ्या ढिगात जावा आणि त्याची बोली वेगळी लागावी. याला कायदा लागत नाही, अनुदान लागत नाही. मच्छीमार सोसायट्यांनी मनात आणले तर येत्या हंगामाच्या पहिल्या दिवसापासून हे होऊ शकते. आपल्या वार्ताहराने तेव्हा जेटीवर यावे आणि दोन्ही ढिगांचे भाव छापावेत.

आपले,
खोल समुद्रातील गळाच्या मासेमारीशी संबंधित काही वाचक,
सिंधुदुर्ग